कामकर सरांची ‘म्हाईत न्हाय’ वही

कामकर सर फार मोठ्यानं बोलायचे. इतकं मोठ्यानं, की सहावी-सातवीच्या वर्गात त्यांनी "गप बसा" म्हटलं की शेजारच्या खोलीतली माझी दुसरीची मुलं हाताची घडी घालून बसत. बेळगावात वडगावला त्यांच्या घरी पॉवरलूम होते आणि त्या खडखडाटातच ते लहानाचे मोठे झाले. जेवताना मीठ मागायचं तरी ओरडून मागायचं, ही घरची सवय. "बाई, आमच्याकडं हळू बोललेलं आजपातूर कुणाला ऐकूच आल्यालं न्हाय," असं ते सांगायचे आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे. गावातले लोक म्हणत, सरांचा आवाज थेट नदीच्या बंधाऱ्यापर्यंत पोचतो. मी एकदा जाऊन पाहिलं होतं. पोचत नाही. पण नदीपलीकडच्या मळ्यातल्या आयांना तो पोचतो असं वाटायचं, आणि त्या भरवशावर त्या आपली लेकरं रोज त्या बंधाऱ्यावरून शाळेला पाठवायच्या.

बोरगाव आणि सदलग्याच्या मधल्या पट्ट्यात, नदीकाठी, आमची सरकारी मराठी शाळा. शिक्षक तिघं. त्यांतले एक कायम कुठल्या तरी बैठकीला गेलेले असत, त्यामुळे खरे दोघंच. कामकर सर मुख्याध्यापकही होते आणि सहावी-सातवीचे शिक्षकही. पलीकडच्या मळ्यातली आठ मुलं आमच्याकडे यायची. यायला रस्ता एकच, बंधाऱ्यावरचा. बंधारा म्हणजे काही पूल नव्हे. दगडी खांबांवर टाकलेली अरुंद फरशी, समोरून कुणी आलं तर एकानं तिरपं व्हायचं. कठडा नाही. एरवी फरशीखाली दोन पुरुष खोल पाणी असतं, पावसाळ्यात ते फरशीवर येतं. ते फरशीवर यायच्या आत मुलांना सोडायचं की शाळेतच थांबवायचं, हे रोज दुपारी कुणीतरी ठरवावं लागे. ते सर ठरवत.

मी बेळगावची. वडील वकिलाकडे कारकून, आजोबा मास्तर, म्हणजे आमच्या घरात प्रत्येकाकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार. बदली होऊन या शाळेत आले, त्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "बाई, तंबाखूचा शेंडा का खुडत्यात?" तंबाखू मी पुडीतच पाहिलेली. तरी सांगून टाकलं, झाड उंच होऊन वाऱ्यानं पडू नये म्हणून. मुलं माझ्याकडे बघत राहिली. त्यांतल्या निम्म्यांनी स्वतःच्या हातानं शेंडे खुडलेले होते, हे मला नंतर कळलं.

शाळा सुटल्यावर सर दारात उभे. "बाई, तंबाखूचं तुमाला म्हाईत हुतं?"

"नाही."

"मग म्हाईत न्हाय म्हणायचं. त्यानं काय इज्जत जात न्हाय. ठोकून दिल्यालं मात्र पोरं जलमभर ध्यानात ठेवत्यात."

मला राग आला. चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला आणि माझ्या सगळ्या दुसरीला ओळीनं एका रानात नेलं. तिथं काम करणाऱ्या एका बाईनं बोटांना चिकटलेला काळा चीक दाखवत सांगितलं, शेंडा खुडला की झाडाचा जोर पानात उतरतो, पान जाड होतं. सरांनी पिशवीतून एक वही काढली आणि त्या मुलीला लिहायला लावलं. प्रश्न काय. उत्तर कोणी दिलं. कुठं उभं राहून दिलं. कधी दिलं.

हीच ती ‘म्हाईत न्हाय’ वही. वर्गात फळ्याशेजारी खिळ्याला सुतळीनं टांगलेली असायची. ज्याचं उत्तर सरांना येत नसे तो प्रश्न तिच्यात जायचा, आणि मग ज्याला येत असेल त्याला शोधत मुलं गावभर फिरायची. काजव्याच्या उजेडानं हात का भाजत नाही. मांजर उलटं पडलं तरी पायावरच कसं उतरतं. मिरची सुकल्यावर जास्त तिखट का लागते. सरांचा सगळा जोर तिसऱ्या रकान्यावर. "सांगणारा शाना असंल, खरं कुठं हुबा ऱ्हाऊन सांगतोय ते बघा. इहिरीचं पाणी इहिरीच्या काठावर हुबा असल्याला सांगंल. निपाणीच्या स्टँडवरचा न्हाय." मुलांना हे पाठ झालं होतं. घरी आई काही म्हणाली तर मुलं तिलाही विचारायची, कुठं उभं राहून बघितलंस? आयांनी सरांकडे तक्रार केली. सर खूश झाले.

त्यांचं दुसरं पालुपद मागावरचं होतं. वर्गात एखाद्याला कळलं नाही की ते हात वर करायचे आणि ओरडायचे, "धागा तुटला! माग थांबवा!" मग सगळा वर्ग थांबायचा. तुटलेला धागा तसाच ठेवून माग चालवला की दोष लुगडंभर उतरतो, हे त्यांनी लहानपणी वडिलांचा मार खाऊन शिकलेलं. एका भागाकारासाठी त्यांनी अख्खा दिवस माग थांबवलेला मी पाहिला आहे. अभ्यासक्रम मागे राहायचा, वरून विचारणा व्हायची आणि सर मोठ्यानं सांगायचे, "ऱ्हायला मागं. आनतो हळूहळू."

नदीच्या बाबतीतही त्यांचं तसंच होतं. आमच्या नदीची एक खोड आहे. तिला इथल्या पावसानं पूर येत नाही. पाऊस पडतो वर महाराष्ट्रात, घाटाकडे. धरण भरतं तिकडे. आणि पाणी उतरतं आमच्याकडे कर्नाटकात, कधी कधी तर लख्ख उन्हात. इथलं आभाळ बघून काहीच कळत नाही. सरांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे भीमू आप्पा. बंधाऱ्याजवळच्या उपशाच्या पंपावर ते राखणदार होते, आणि त्यांची लेक वरच्या अंगाला कागलकडच्या गावात दिलेली होती. तिच्या परड्यात पाणी शिरलं की तीन-चार तासांत ते आमच्या बंधाऱ्यावर यायचं. पावसाळाभर रोज दुपारी एक वाजता, डबा उघडायच्या आधी, सर आप्पांना फोन लावत. पहिलं वाक्य ठरलेलं, "आप्पा, लेक काय म्हणती?" ते इतक्या मोठ्यानं, की फोन नसता तरी चाललं असतं असं मी त्यांना चिडवायची. आप्पा लेकीला विचारून सांगायचे. पाणी येणार असेल तर बंधाऱ्याच्या तोंडाशी काठीला लाल फडकं बांधायचे, आणि मुलं शाळेतच थांबायची.

एका श्रावणात असंच ऊन पडलं होतं. पाच दिवस थेंब नव्हता. सरांनी फोन केला आणि आठही मुलांना थांबवलं. पलीकडून आया बोंबलायला लागल्या, घरी कामं पडलीत, आभाळात ढग न्हाय, सरांचं डोकं फिरलंय. सर अलीकडच्या काठावर हाताची घडी घालून उभे राहिले. पाच वाजायला आले तसं पाणी तपकिरी झालं, मग फरशीला लागलं, मग फरशी दिसेना. पलीकडच्या आया एकेक करून खाली बसल्या. मुलं गावातच सोयऱ्यांकडे राहिली. त्या दिवसापासून मळ्यात एक वाक्य रूढ झालं, सरांनी सोडलंय म्हणजे बिनघोर या. तेव्हा ते ऐकून मला बरं वाटलं होतं. आता ते वाक्य कुणी काढलं की मी विषय बदलते.

बोर्ड आला तो तीन वर्षांपूर्वी. एका संस्थेनं शाळांना मोठे पडदे दिले, त्यावर मुलांसाठीचं शोधयंत्र होतं. काहीही विचारा, मराठीत विचारा, तो चित्रासकट उत्तर दाखवणार. मुलांनी दारात तोरण लावलं, कुणीतरी नारळ फोडला. बोर्ड बसवणाऱ्या माणसानं त्याला ऊन लागू नये, धूळ लागू नये, खोलीत पंखा हवा, असं काय काय सांगितलं. सर म्हणाले, "ह्यो बोर्ड न्हाय, जावई आलाय." झालं, नाव पडलं. जावई. त्या माणसानं यंत्र सुरू करताना विचारलं, जिल्हा कोणता घालू? सरांनी ऐटीत सांगितलं, "बेळगाव." तेव्हापासून जावई आम्हाला सगळं बेळगाव जिल्ह्याचं सांगू लागला.

सरांना आधी तो आवडला नाही. एका दुपारी मुलं खेळायला गेली असताना ते त्याच्यासमोर एकटेच बसले होते. एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी शहापूर-वडगावच्या लुगड्यांबद्दल विचारलं. चित्रं आली. त्यांतल्या एका चित्रावर ते थांबले. जुना हातमाग, आणि मागावर अर्धं विणलेलं लुगडं. मला हाक मारली, आणि त्या हाकेचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "बाई, ह्यो काठ बघा. माझा बाप असा काठ काढायचा. हातमाग मोडून लूम आनले तवापासनं मी असला काठ बघितला न्हाय. घरात एक तुकडा ऱ्हायला न्हाय त्यातला." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी जावयानं त्यांना जिंकलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. बापाचा काठ ज्यानं दाखवला त्याच्यावर माणूस कसा अविश्वास दाखवणार?

पुढे मात्र एकेक गोष्ट बदलत गेली. प्रश्न आला की सर वहीकडे न बघता बोर्डाकडे वळू लागले. उत्तर तिथल्या तिथं मिळायचं, मुलं टाळ्या वाजवायची. सरांना मोठी मजा वाटायची. सगळा जन्म ज्यानं म्हाईत न्हाय म्हणत गाव पालथं घातलं, त्याला आता काहीही विचारा, उत्तर हजर. अभ्यासक्रम वेळेत संपू लागला. वरून कौतुकाचं पत्र आलं. ‘धागा तुटला’ ही आरोळी कमी झाली, मग ऐकूच येईना. वही खिळ्याला होतीच, पण तिच्यावर डस्टर अडकवायला लागले.

त्या वहीत अजून लिहिणारी एकच मुलगी उरली होती. राधिका. पलीकडच्या मळ्यातली, सातवीतली, त्या आठांमध्ये मोठी. बारीक चणीची, वेणीला कायम दोन रंगांच्या रिबिनी, कारण एक रिबीन सदान्‌कदा हरवायची. बंधाऱ्यावर लहानांना पुढे घालून सगळ्यांत मागून तीच यायची. एकदा वर्गानं जावयाला सदलग्याच्या बाजाराचा वार विचारला होता. राधिकानं तो घरी सांगितला, तिची आई कोंबड्या टोपलीत घालून चालत गेली, तर बाजार नव्हताच. जावयानं कुठली तरी जुनी यादी वाचली होती. राधिकानं वर्गात सांगितलं तेव्हा मुलं पोट धरून हसली. सरही हसले. "चालायचंच," ते म्हणाले, "जावई नवा हाय." मला वाटलं होतं, ते हात वर करून माग थांबवतील. त्यांनी थांबवला नाही. मधल्या सुट्टीत डस्टर काढून मी वही उघडली, तर नवा प्रश्न होता: जावई कुठं उभा राहून सांगतो? पुढचे तिन्ही रकाने रिकामे होते.

त्या पावसाळ्यात सरांनी आप्पांना फोन करायचंही कमी केलं. आधी रोज, मग दिवसाआड, मग नाहीच. नदीचं पान जावई दाखवतच होता. जिल्ह्यातल्या सगळ्या नद्यांची यादी, त्यापुढे रंगीत पट्टी. हिरवी म्हणजे सगळं ठीक. मुलांनी आप्पांना सांगून टाकलं, आता सर बोर्डाला विचारतात. मी एकदा म्हटलं, "सर, आप्पांना फोन नाही केलात?" ते म्हणाले, "म्हाताऱ्याला कशाला रोज तरास द्यायचा, बाई? आनि ह्यात सगळ्या जिल्ह्याचं दिसतंय की." मला तरी कुठं वेगळं वाटत होतं?

त्या दिवशी बेळगावहून शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. बोर्ड वापरणारी चांगली शाळा म्हणून आमचं नाव गेलं होतं. चार दिवस पाऊस नव्हता. ऊन इतकं कडक, की गावात बायकांनी वाकळा वाळत घातल्या होत्या. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सगळी शाळा एका वर्गात बसवली, साहेब तिघं समोर खुर्च्यांवर. ग्रह झाले, सापाचे दात झाले, चौदाचा पाढा झाला. मग एक साहेब म्हणाले, "गावाच्या उपयोगाचं काही दाखवा की."

सरांचा चेहरा उजळला. "पोरांनो, घराकडं जायच्या आधी आपण काय बघतो?"

"नदी!" सगळा वर्ग ओरडला.

सरांनी टाइप केलं. आमच्या नदीचं नाव मोठ्या मराठी अक्षरांत आलं, पुढे हिरवी पट्टी आणि शब्द, सामान्य. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आणि राधिका उभी राहिली.

"सर, ह्यो कुठं हुबा ऱ्हाऊन सांगतोय?"

साहेब हसले. एकानं विचारलं, काय म्हणते ती? सरांचे कान लाल झाले. बारा वर्षं मुलांना हाच प्रश्न शिकवणारा माणूस पाहुण्यांसमोर तो ऐकून शरमला. "राधिका, शानपना पुरं. खाली बस."

"सर, खरं खाली बारीक..."

"बस म्हटलं न्हवं?"

ती बसली. प्रश्न विचारला म्हणून सरांनी कुणाला खाली बसवलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला खटकलं. पण मी कपबशा मांडायला वळले. साहेबांचा चहा व्हायचा होता, फोटो व्हायचे होते. साडेतीन वाजता घंटा मी दिली, माझ्या हातानं. पलीकडची आठ मुलं निघाली. राधिका जाताना वहीजवळ थांबली, डस्टर काढून बाकावर ठेवलं, काहीतरी लिहिलं आणि बाकीच्यांच्या मागे पळाली. दारातून मला तिच्या दोन रिबिनी दिसल्या, एक लाल, एक हिरवी.

भीमू आप्पांना लेकीचा फोन बाराच्या सुमारास आला होता. परड्यात पाणी आलंय, धरणाची दारं उघडलीत. आप्पांनी एक वाजेपर्यंत शाळेच्या फोनची वाट बघितली. फोन आला नाही. त्यांना वाटलं, सरांच्या यंत्राला कळलं असणार, आपल्याला कळलं तर त्यांना आधीच कळलं असणार, आज पोरं सुटत नाहीत. सुटणारच नसतील तर फडकं तरी कुणासाठी बांधायचं? पंपाची मोटर बुडायच्या आत वर काढायची होती. ते आणि दोन गडी दोर लावून मोटर ओढत वरच्या बांधाला गेले. मुलं बंधाऱ्यावर आली तेव्हा पाणी फरशीपासून वीतभर खाली होतं. आप्पा दिसले नाहीत, फडकं दिसलं नाही. सरांनी सोडलं होतं.

सात जणं पलीकडे पोचली. मधे असताना पाणी फरशीवर आलं. रांगेतली सातव्या नंबरची मुलगी पहिलीतली होती, ती घाबरून जागेवरच उभी राहिली. राधिकानं तिला मागून ढकलत ढकलत पुढच्यांच्या हातात दिलं, असं ती मुलं सांगतात. त्यापुढचं त्यांनाही नीट सांगता येत नाही. ती तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला, उसाच्या फडाशी सापडली.

सरांना कुणी बोल लावला नाही. तेच वाईट झालं. राधिकाचा बाप शाळेत आला, व्हरांड्यात उकिडवा बसला आणि म्हणाला, "सर, तुमी काय केलासा? पानीच आलं." सर त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. भीमू आप्पा आले, खांबाला धरून उभे राहिले. "मला वाटलं तुमाला ठावं असंल," आप्पा म्हणाले. सर काहीतरी बोलले. मी चार हातांवर होते, मला ऐकू आलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सर बोललेले मला ऐकू आले नव्हते. त्यानंतर ते तसेच बोलत राहिले, ओठांतल्या ओठांत. वर्गात मुलं कान पुढे करून बसायची.

शाळा पुन्हा भरली त्या दिवशी वही मीच काढली. राधिकानं रकाने नीट आखून भरले होते. प्रश्न: आज नदीला पाणी किती? कोणी सांगितलं: जावई. कुठं उभं राहून: माहीत नाही. कधी: काल संध्याकाळी सहा.

मी ती सरांपुढे धरली. त्यांनी शेवटच्या शब्दांवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. मग उठून त्यांनी बोर्ड लावला, नदीचं पान उघडलं. वर मोठी मराठी अक्षरं. खाली, अगदी कडेला, बारीक कन्नडमध्ये एक ओळ, ही माहिती कधी भरली त्याची. रोज संध्याकाळी सहाला भरत होते. त्या ओळीत काही लपवलेलं नव्हतं. सरांना कन्नड येतं, मला येतं, साहेबांची तर ती घरचीच भाषा. आम्ही सगळे वरची मोठी अक्षरं बघून टाळ्या वाजवत होतो. खालची ओळ तिनं वाचली होती, आणि तेच सांगायला ती उभी राहिली होती.

आता पावसाळ्यात दुपारी एकला मी फोन करते. ‘आप्पा, लेक काय म्हणती’ हे वाक्य माझ्या तोंडी अजून अवघडच वाटतं. बोर्ड आहे, मी तो वापरते. ग्रह छान दिसतात त्यात. वही त्याच खिळ्याला आहे आणि तिच्यावर कुणी डस्टर अडकवलेलं मला चालत नाही. सर मात्र आता शाळेत नाहीत. आधी लांबची रजा, मग वडगावला घरी, आणि घरातून बाहेर पडत नाहीत असं ऐकते. दोनदा भेटायला गेले, दोन्ही वेळा वहिनींनी दारातच चहा दिला. आत लूम चालू होते, म्हणून काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या रजेच्या आदल्या दिवशी. शाळा सुटली होती, पलीकडच्या सात मुलांना सरांनी स्वतः बंधारा ओलांडून पोचवलं होतं. मी छत्री विसरले म्हणून परत आले. वर्गात बोर्ड चालू होता आणि सर त्याच्यासमोर मुलांच्या बाकावर बसले होते, पायांना ओला चिखल तसाच. एका बोटानं एकेक अक्षर शोधत होते. शोधाच्या चौकटीखाली आधी विचारलेल्या प्रश्नांची रांग दिसत होती. धरणाची दारं किती वाजता उघडली. कागलपासून पाणी यायला किती तास. सव्वीस किलो वजनाचं मूल किती पाण्यात उभं राहू शकतं. तोच प्रश्न, आकडा बदलून, तीनदा. मी दारातच थांबले.

त्यांनी नवा प्रश्न पुरा केला. राधिकाला जे सांगायचं होतं ते तिनं सांगितलं असतं, तर मी ऐकलं असतं का?

पडद्यावरचं चक्र फिरलं, थांबलं. ह्या शोधाला उत्तर सापडलं नाही, अशी ओळ आली.

सरांनी मान वळवली. मी आहे हे त्यांना माहीत होतं. "बघा बाई," ते इतकं हळू म्हणाले की मला दोन पावलं आत जावं लागलं. "म्हाईत न्हाय म्हनाला. त्या दिवशी एवढंच म्हनाया पायजे हुतं."

"त्याला कसं कळणार होतं, सर?"

"त्याचं न्हाय म्हणत, बाई," सर म्हणाले. "माझं म्हणतोय."